घोटी ते लंडन : हवेतले तास आणि वाटेचे तास

आमच्या घोटीच्या आकाशातून रोज विमाने जातात. संध्याकाळी भाताच्या गिरण्यांचा आवाज थांबला, महामार्गावरच्या गाड्यांची घरघर जरा कमी झाली, की मुंबईच्या दिशेने सरकत जाणारे दिवे दिसू लागतात. माझी आई ओट्यावर बसून ते दिवे पाहत असे. थोरली नात परिचारिका होऊन लंडनला गेल्यापासून तिचा रोजचा एकच प्रश्न होता, "कितीक लांब राहती रे पोरगी?"

मी रेल्वेचा माणूस. गँगमध्ये लागलो आणि की-मन म्हणून निवृत्त झालो. सारा जन्म इगतपुरीच्या आसपास रूळ तपासण्यात गेला. आमच्या कामात लांबी मोजणे सोपे असते. रुळाशेजारच्या खांबावर किलोमीटर लिहिलेला असतो, खांब मोजा आणि सांगा. म्हणून मी आईला रेल्वेच्या हिशेबाने उत्तर दिले, "मुंबईहून सात हजार दोनशे किलोमीटर." त्यातून तिला काहीच कळले नाही. मग म्हणालो, "विमानाला नऊ तास लागतात." हे मात्र तिला पटले. ती म्हणाली, "म्हंजी सकाळी निघाली तर दिवस मावळायला घरी." मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्यात केवढी चूक होती, ते पुढे कळले. ती चूक दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आईचा शेवटचा दिवस

२०२३ च्या जानेवारीत पहाटे पाच वाजता आई गेली. धाकट्याने लगेच लंडनला फोन लावला. तो उचलला गेला नाही. थोरली रात्रपाळीवर होती, फोन कपाटात होता. तिने तो पाहिला तेव्हा आपल्याकडे साडेसहा वाजले होते. ती रडत एवढेच म्हणाली, "आप्पा, मी निघते. आजीला ठेवा."

अंगणात जमलेल्या मंडळींनी बोटावर हिशेब मांडला. विमान नऊ तासांचे. दुपारी तीन, फार तर चार वाजेपर्यंत पोरगी दारात हवी. इगतपुरी, सिन्नर, अकोले इथून सोयरे आले होते. त्यांना परत जायचे होते. आम्ही चार वाजेपर्यंत थांबलो. पाच वाजता अंत्यविधी उरकला. थोरली दारात आली ती दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वाचार वाजता. आई जाऊन सव्वातेवीस तास झाले होते.

ओट्यावर बसलेल्यांपैकी कोणीतरी बोललेच, "नऊ तासांच्या वाटेला बाईला तेवीस तास लागले. मन असतं तर आली असती." थोरलीने ते ऐकले. तिला तेव्हा चौथा महिना होता. ती आजीच्या रिकाम्या खाटेपाशी जाऊन बसली. मी त्या माणसाला काही उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते.

मी स्वतः मोजलेली वाट

मे महिन्यात तिच्या बाळंतपणासाठी आम्ही नवराबायको लंडनला निघालो. पासपोर्ट, व्हिसा, बोटांचे ठसे यांत जे आठवडे गेले ते वेगळेच. मी ठरवले, रेल्वेत असताना जशी डायरी ठेवत होतो तशीच ठेवायची. हातातले घड्याळ भारताच्या वेळेवरच राहू द्यायचे आणि प्रत्येक टप्पा लिहून काढायचा.

घोटीहून पहाटे पाच वाजता भाड्याच्या गाडीने निघालो. घोटी ते मुंबईचा विमानतळ साधारण १२० किलोमीटर. कसारा घाट उतरलो तोवर सगळे बरे चालले होते. भिवंडीच्या वळणरस्त्यावर मालट्रकांच्या रांगेत गाडी अशी अडकली, की आमच्या सौभाग्यवतींनी डबा उघडून भाकरी वाटली. विमानतळावर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. म्हणजे १२० किलोमीटरला चार तास.

परदेशी विमानाला तीन तास आधी यायला सांगतात. सामानाचे वजन, पासपोर्टवर शिक्का, अंगझडती, एकेक रांग. साडेअकराला आम्ही बाकावर टेकलो. विमान सुटायची वेळ दुपारी दीडची. ते जागेवरून हलले एक चाळीसला. मग मालगाडीसारखे रांगेत उभे राहिले आणि चाके जमिनीवरून सुटली ती बरोबर दोन वाजता.

वर गेल्यावर पुढच्या छोट्या पडद्यावर उंची दिसत होती, सुमारे अकरा किलोमीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे. सौभाग्यवतींना म्हटले, सात कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर आपल्यापर्यंत पोचतील. त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर चाके टेकली तेव्हा माझ्या घड्याळात रात्रीचे पावणेबारा होते. बाहेर मात्र लख्ख उजेड, तिथे संध्याकाळचे सव्वासात वाजले होते. पुन्हा पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा. पुढे भूमिगत रेल्वेच्या पिकॅडिली मार्गाने उत्तर लंडन. थोरलीच्या दारात पाऊल टाकले तेव्हा घड्याळात पहाटेचे पावणेतीन. घोटीच्या दारापासून लंडनच्या दारापर्यंत पावणेबावीस तास.

रात्री झोप आली नाही. डायरी उघडून बेरीज केली. हवेत पावणेदहा तास, जमिनीवर बारा तास. हवेतल्या पावणेदहा तासांत सात हजारांहून जास्त किलोमीटर गेलो. जमिनीवरच्या बारा तासांत दोन्ही टोकांचे मिळून फक्त दीडशे किलोमीटर. त्याहून जलद तर मी सायकलवर घोटीहून इगतपुरीला कामावर जात होतो.

अंतर एक, तास वेगवेगळे

मग लंडनला असताना या गोष्टीचा नादच लागला. जावयाकडून आणि तिथल्या पोराटोरांकडून समजून घेतले ते सोपे करून सांगतो.

मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर हे अंतर जमिनीवरच्या रस्त्याचे नव्हे, पृथ्वीच्या गोलावर ताणलेल्या दोऱ्याचे आहे. घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर दोरा घेऊन पाहा. एक टोक मुंबईवर, दुसरे लंडनवर. भिंतीवरच्या नकाशात सरळ वाटणारी रेघ ही सर्वांत जवळची वाट नसते. गोलावरचा ताणलेला दोरा कराचीच्या अंगाने निघून कॅस्पियन समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी असा वर चढत जातो. मुलांना भूगोलाचा हा धडा दोन मिनिटांत कळतो, आपल्यालाही कळतो.

पण विमानाला दोऱ्यावरून जाता येतेच असे नाही. आकाशालाही फाटके असतात. युक्रेनमध्ये २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध पेटले आणि त्या देशावरून प्रवासी विमाने जाणे थांबले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि ती मुदत पुढे वाढवत नेली. २०१९ सालीही काही महिने असेच झाले होते. मग वैमानिकाला वळसा घालावा लागतो. रेल्वेत एखादा मार्ग बंद पडला की गाडी मनमाडवरून वळवतात, तसेच हे. मुंबई आणि लंडन जागच्या जागी राहतात, अंतर मात्र वाढते आणि तासही वाढतात.

दुसरी गोष्ट वेगाची. मोठे विमान वर गेल्यावर तासाला नऊशे किलोमीटरच्या आसपास धावते. सात हजार दोनशेला नऊशेने भागले तर आठ तास येतात. मग दोन तास कुठे गेले? चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. वळसे असतात. हीथ्रोसारख्या गर्दीच्या ठिकाणी उतरायचा नंबर येईपर्यंत हवेत घिरट्या घालाव्या लागतात. इगतपुरी मुंबईच्या स्टेशनपासून सुमारे १३७ किलोमीटर, पण कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावून घाट चढावा लागतो, हे आपल्या भागातल्या पोरालाही ठाऊक आहे. नुसत्या भागाकाराने गाडीची वेळ काढता येत नाही.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. एवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो, हिवाळ्यात तर फारच. दारणेच्या पुरात पाण्याबरोबर पोहणारा आणि पाण्याविरुद्ध पोहणारा यांच्यात जो फरक, तोच इथे. म्हणून लंडनहून मुंबईला येताना जाण्यापेक्षा साधारण तासभर कमी लागतो.

चौथी गोष्ट घड्याळाची, आणि आपली माणसे इथेच फसतात. आमच्या तिकिटावर लिहिले होते : निघणे दुपारी १.३०, पोचणे संध्याकाळी ७.१५. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पावणेसहा तासांत लंडन!" पण निघण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची वेळ तिथली. भारताचे घड्याळ लंडनच्या पुढे असते, हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास. कारण ते लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. तेव्हा पावणेसहात साडेचार मिळवले, की खरे तास निघतात, सव्वादहा. परत येताना उलट होते. तिकिटावर तास फुगलेले दिसतात, त्यांतून तो फरक वजा करायचा.

पाचवी गोष्ट थेट विमानाची. स्वस्त तिकिटासाठी पुष्कळ लोक दुबईला विमान बदलतात. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर. बेरीज ७,४०० च्या आसपास, म्हणजे अंतर दोनशे किलोमीटरनेच वाढते. पण मधल्या थांब्यात तीन तास जातात, कधी आठही जातात. पैसे वाचतात, तास वाचत नाहीत. साध्या प्रवासाला ते चालते. दुःखाच्या प्रवासाला आधी तास पाहावेत.

चौदा दिवसांची वाट

आज आपण तासांवरून भांडतो. १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब ४ ऑक्टोबरला 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने मुंबईहून निघाले आणि १८ ऑक्टोबरला लंडनला पोचले. चौदा दिवस! स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. 'मलबार प्रिन्सेस' हे त्याचे नाव. ते कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत गेले. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि तास आणखी घटले. माझ्या आईचा जन्म बोटीच्या काळातला, तिची नात जेटच्या काळातली. आजोबा-पणजोबांच्या काळात परदेशी गेलेल्या माणसाची कोणी अंत्यविधीला वाटच पाहिली नसती. विमानाने आपली आशा वाढवली, पण त्या आशेचा हिशेब आपल्याला शिकवला नाही.

थोरलीचे तेवीस तास

तिसऱ्या दिवशी मी थोरलीपुढे डायरी ठेवली आणि म्हटले, "बाळा, आता तुझा जानेवारीचा हिशेब सांग."

तिने सांगितला. फोन पाहिला तेव्हा लंडनमध्ये रात्रीचा एक वाजला होता. वॉर्ड सोडून जाता येत नव्हते. बदली परिचारिका आल्यावर ती निघाली. घरी येऊन पासपोर्ट घेतला, तिकीट काढले. महिन्याच्या घरभाड्याहून जास्त पैसे त्या एका तिकिटाला गेले. साडेपाचला घर सोडले. विमान सकाळी साडेनऊचे, त्याच्या आधीचे कुठलेच मिळत नव्हते. त्या वेळी आपल्याकडे दुपारचे तीन वाजले होते. नऊ तासांनी, मध्यरात्री बारा वाजता ती मुंबईला उतरली. सव्वा वाजता बाहेर पडली आणि सव्वाचारला घोटीत आली. तिने वाटेत एक मिनिटही वाया घालवले नव्हते.

म्हणजे आम्ही पाच वाजता आईला अग्नी दिला तेव्हा पोरगी विमानात बसून जेमतेम दोन तास झाले होते. जमलेल्यांनी आईच्या शेवटच्या श्वासापासून नऊ तास मोजले होते. विमान तर त्यानंतर दहा तासांनी उडाले.

मी म्हटले, "हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "आप्पा, मला कोणी विचारलंच नाही."

बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग आपल्याला माहीत आहे. १९१३ साली ते बडोद्याला नोकरीवर असताना वडील आजारी असल्याची तार आली. मुंबईला येताना सुरतेच्या स्टेशनवर ते वडिलांसाठी बर्फी घ्यायला उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा सुभेदार रामजी शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. उशीर होण्याचे दुःख ज्याचे त्यालाच ठाऊक असते. त्यावर ओट्यावर बसून कोणी मनाचे माप काढू नये. हे मी तेव्हा त्या माणसाला सांगायला हवे होते. लंडनहून परतल्यावर सांगितले. त्यानेही मान खाली घातली.

आता काय करावे

आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता शिकून लांब लांब जात आहेत. कोणी लंडनला, कोणी दुबईला, कोणी अमेरिकेला. तेव्हा काही गोष्टी घरात आधीच बोलून ठेवाव्यात.

किती तास लागतात असे कोणी विचारले तर विमानाचे तास सांगू नका. दारापासून दारापर्यंतचे सांगा. घोटीहून लंडन म्हणजे थेट विमान असले तरी बावीस ते चोवीस तास, असे पक्के धरावे. शिवाय विमान रोज हवे त्या वेळी नसते. बातमी कळल्यापासून पुढचे विमान सुटेपर्यंतचे तासही त्यात मिळवावेत.

रस्ता आता थोडा सुधारला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसारा घाटाच्या डोंगरातून सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा आहे, त्यामुळे घाट काही मिनिटांत पार होतो. पण आमणे भिवंडी तालुक्यात आहे. तिथून पुढे विमानतळापर्यंतची गर्दी आहेच, ती हिशेबात धरावी. आपल्याला ओझरचा विमानतळ जवळचा, पण लंडनच्या थेट विमानाला मुंबईलाच जावे लागते. नवी मुंबईच्या विमानतळाचेही ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आहे. तेव्हा तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे ते घरून निघण्यापूर्वी दोनदा वाचावे.

घरात कोणी अत्यवस्थ असेल तर परदेशातल्या माणसाला शेवटच्या क्षणी कळवू नये. आधी कळवावे, म्हणजे त्याला रजा, तिकीट, पासपोर्ट यांची तयारी करता येते. त्याच्या कामाच्या ठिकाणचा फोन नंबरही घरात लिहून ठेवावा. आणि दुःखद घटना घडलीच, तर आधी त्याला एकच विचारावे : "तुझं विमान आपल्या घड्याळाने किती वाजता सुटतंय?" त्यावरून थांबायचे की नाही ते ठरवावे. थांबायचे ठरले तर शीतपेटीची सोय करता येते. थांबणे शक्य नसेल तर तेही त्याला स्पष्ट सांगावे. वाट पाहून कंटाळलेल्या सोयऱ्यांनाही खरे तास सांगावेत, म्हणजे गैरसमज होत नाही.

जूनमध्ये थोरलीला मुलगी झाली. आम्ही परत आलो तेव्हा घोटीत पाऊस सुरू झाला होता आणि शेतांत भाताची रोपे तरारली होती. आता ओट्यावर मी बसतो. शेजारची पोरे वरचा दिवा पाहून विचारतात, "आजोबा, तुमची नात किती लांब?" मी त्यांना किलोमीटर सांगत नाही, विमानाचे तासही सांगत नाही. मी सांगतो, "आज पहाटे इथून निघालास, तर उद्याच्या पहाटेला तिच्या दारात."